सी भाषेत पॉइंटरची किंमत छापणे: कोणत्याही यंत्रावर चालेल असा कोड कसा लिहावा

सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेल विणणाऱ्या एका कारखान्यासाठी मी काही वर्षांपूर्वी मागाच्या नियंत्रकाचा प्रोग्राम सी भाषेत लिहीत होतो. मेमरीची गळती होते की नाही हे पाहण्यासाठी एक साधी सोय केली होती. मेमरी घेतली की तिचा पत्ता लॉगमध्ये छापायचा, परत केली की पुन्हा छापायचा, आणि रात्री एका छोट्या स्क्रिप्टने दोन्ही याद्या जुळवून कोणता पत्ता उरला ते शोधायचे. घरच्या लिनक्स लॅपटॉपवर हे सारे नीट चालले. कारखान्यातील विंडोज संगणकावर हाच प्रोग्राम चालवला तेव्हा स्क्रिप्टने सलग तीन दिवस ‘गळती शून्य’ असे सांगितले आणि मी निश्चिंत झालो. प्रत्यक्षात माझी स्क्रिप्ट ‘०एक्स’ने सुरू होणारे शब्द शोधत होती. विंडोजच्या लायब्ररीने छापलेल्या पत्त्यांपुढे ते चिन्ह नव्हतेच, त्यामुळे तिला एकही पत्ता सापडला नव्हता, आणि गळती मात्र चालूच होती.

ती चूक सर्वस्वी माझी होती. पॉइंटर, म्हणजे मेमरीतील पत्ता, छापणे ही एका ओळीची गोष्ट आहे असे समजून मी तिच्याकडे पाहिलेच नव्हते. ती ओळ कशी लिहावी, तिच्यातील प्रत्येक चिन्ह कशासाठी असते, आणि ती कुठे पुरत नाही, हे येथे क्रमाने मांडले आहे.

कोडबद्दल आधी एक खुलासा करतो. संध्याकाळच्या वर्गात आम्ही कोड मोठ्याने वाचतो तसाच तो येथे देवनागरीत लिहिला आहे. संगणकावर टाइप करताना अर्थातच ही नावे आणि आकडे रोमन लिपीत लिहायचे आहेत. ‘%पी’ म्हणजे टक्क्याच्या चिन्हापुढे लहान लिपीतील पी, ‘\एन’ म्हणजे नवीन ओळ. जेथे मोठ्या लिपीची गरज आहे तेथे तसे सांगितले आहे.

‘%यू’ची सवय कोठून आली

आपल्याकडे अनेकांनी सी भाषा टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर शिकली, आणि पत्ता छापायचा म्हणजे ‘%यू’ वापरायचे हे तेथेच अंगवळणी पडले. त्या काळी ते चालत होते याला कारण आहे. टर्बो सी हा डॉसवरील १६ बिटांचा कंपायलर आहे. त्याच्या स्मॉल मेमरी मॉडेलमध्ये इंटही २ बाइटांचा आणि पॉइंटरही २ बाइटांचा असतो, म्हणून पॉइंटरला चिन्हविरहित पूर्णांक समजून छापले तरी बाइटांचा हिशेब जुळून जातो आणि पडद्यावर ६५५२४ यासारखा विश्वासार्ह वाटणारा आकडा उमटतो.

मात्र त्याच कंपायलरवर लार्ज मॉडेल निवडले की ही सवय उघडी पडते. तेथे पॉइंटर ४ बाइटांचा होतो, २ बाइट सेगमेंटचे आणि २ बाइट ऑफसेटचे. ‘%यू’ त्यातील पहिले २ बाइट, म्हणजे ऑफसेट, उचलते. पुढे त्याच ओळीत ‘%डी’ असेल तर त्याच्या वाट्याला उरलेला सेगमेंट येतो, आणि तुम्हाला छापायची असलेली संख्या बाजूलाच राहते. पत्ता चुकला असे न दिसता भलतीच संख्या चुकलेली दिसते, आणि माणूस बराच वेळ त्या संख्येचाच शोध घेत बसतो.

सेगमेंट आणि ऑफसेट म्हणजे काय ते सोलापूरकराला पटकन समजावे. सेगमेंट ही पेठ समजा आणि ऑफसेट हा त्या पेठेतील घर क्रमांक. फरक इतकाच की ८०८६ प्रोसेसरच्या पेठा एकमेकींत शिरलेल्या असतात. खरा पत्ता काढण्यासाठी सेगमेंटला १६ने गुणून त्यात ऑफसेट मिळवतात, त्यामुळे षोडशमान (हेक्साडेसिमल) पद्धतीतील १०००:००१० आणि १००१:०००० हे दोन्ही पत्ते एकाच जागेचे आहेत. शुक्रवार पेठेतील शेवटचे घर आणि शेजारच्या पेठेतील पहिले घर हे एकच निघावे, तसे. छापलेले दोन मजकूर वेगळे दिसले म्हणून जागाही वेगळी, असे त्या यंत्रावर म्हणता येत नाही. दोन पॉइंटर समान आहेत का हे छापलेल्या अक्षरांवरून ठरवू नये.

पहिली पायरी: ‘%पी’ आणि व्हॉइड पॉइंटरचा कास्ट

१९८९च्या पहिल्या मानकापासून सी भाषेत पॉइंटर छापण्यासाठी एक स्वतंत्र चिन्ह आहे, ते म्हणजे ‘%पी’. त्याचा साधा आणि बरोबर उपयोग असा:

#इन्क्लूड <एसटीडीआयओ.एच>

इंट मेन(व्हॉइड)
{
    इंट चादरी = ४०;
    इंट *प = &चादरी;

    प्रिंटएफ("पत्ता: %पी\एन", (व्हॉइड *) प);
    रिटर्न ०;
}

यातील ‘(व्हॉइड *)’ हा कास्ट, म्हणजे प्रकार बदलण्याची सूचना, बहुतेक पुस्तकी उदाहरणांत गाळलेला असतो, आणि तो गाळला तरी आजच्या संगणकावर आउटपुटमध्ये काहीच फरक दिसत नाही. म्हणूनच तो का हवा हे नीट समजून घ्यावे लागते.

एखाद्या साध्या फंक्शनला आपण इंट पॉइंटर दिला आणि त्याच्या घोषणेत व्हॉइड पॉइंटर लिहिलेला असेल, तर कंपायलर रूपांतर स्वतःच करतो. प्रिंटएफचे तसे नाही. त्याच्या घोषणेत फॉरमॅटनंतर फक्त तीन टिंबे असतात, म्हणजे पुढे काय आणि किती येणार हे कंपायलरला घोषणेवरून कळत नाही. अशा ठिकाणी चार (अक्षर साठवणारा प्रकार, आकडा नव्हे) आणि शॉर्ट यांचा इंट होतो, फ्लोटचा डबल होतो, पण पॉइंटरला कोणी हात लावत नाही. तो ज्या प्रकारचा आहे त्याच प्रकारात पुढे जातो. आत बसलेले प्रिंटएफ ‘%पी’ पाहून व्हॉइड पॉइंटर उचलायला जाते. आपण दिलेला प्रकार आणि त्याने उचललेला प्रकार वेगळा असेल तर मानकाच्या भाषेत ते अनडिफाइन्ड बिहेवियर ठरते, म्हणजे पुढे काय घडेल याची मानकाने कसलीही हमी घेतलेली नाही.

सगळे पॉइंटर सारखेच तर असतात, मग हा काथ्याकूट कशाला, असे विद्यार्थी हटकून विचारतात. आजच्या संगणकावर ते खरे आहे, पण सी भाषा केवळ आजच्या संगणकासाठी लिहिलेली नाही. डेटा जनरल कंपनीच्या एक्लिप्स एमव्ही मालिकेतील यंत्रांवर बाइटचा पत्ता आणि शब्दाचा पत्ता यांची ठेवणच वेगळी होती. चार पॉइंटर आणि व्हॉइड पॉइंटर एका ठेवणीत असत आणि इंट पॉइंटर दुसऱ्या. तेथे कास्ट न करता इंट पॉइंटर छापला असता तर चुकीचा पत्ता उमटला असता. कास्ट हा तेथे खरे रूपांतर करतो, आपल्या लॅपटॉपवर तो काहीच करत नाही आणि त्याची किंमतही शून्य आहे.

चार पॉइंटरला मानकाने सवलत दिली आहे. त्याची ठेवण व्हॉइड पॉइंटरसारखीच असली पाहिजे असा नियमच आहे. तरीही मी तेथेही कास्ट लिहितो, कारण उद्या कोणी त्या चलाचा प्रकार बदलला तर छापणारी ओळ बदलण्याची आठवण राहत नाही.

पॉइंटर कॉन्स्ट असेल तर ‘(व्हॉइड *)’ लिहिताना कॉन्स्ट गळून पडतो. छापण्यापुरते त्यात नुकसान नाही, पण कास्टवर कडक नजर ठेवणारे इशारे चालू असतील तर कंपायलर कुरकुर करतो. अशा वेळी ‘(कॉन्स्ट व्हॉइड *)’ लिहावे. दोन्हींची ठेवण एकच असते.

आउटपुट कसे दिसेल हे कोण ठरवते

‘%पी’ने काय छापावे याबद्दल मानक एवढेच म्हणते की पॉइंटरच्या किमतीचे छापता येणाऱ्या अक्षरांत रूपांतर होईल, आणि ते कसे हे त्या त्या लायब्ररीने ठरवावे. माझी तीन दिवसांची निश्चिंती या एका वाक्यात अडकली होती.

लिनक्सवरील जीलिबसी लायब्ररी पुढे ‘०एक्स’ लावून लहान लिपीत षोडशमान अंक छापते, उदाहरणार्थ ०एक्स७एफएफसी३ए१बी२सी४४. पुढची शून्ये ती भरत नाही. मायक्रोसॉफ्टची लायब्ररी ६४ बिटांच्या प्रोग्राममध्ये मोठ्या लिपीतील पूर्ण १६ अंक छापते, पुढे शून्ये भरते आणि ‘०एक्स’ लावत नाही, म्हणजे ००००००डी५ए४एफएफएफ८सी४ असे काहीसे दिसते. आर्डुइनोच्या छोट्या बोर्डांवरील एव्हीआर लिबसी पॉइंटरला साधा चिन्हविरहित पूर्णांक धरते आणि ०एक्स८एफ४ असा आटोपशीर पत्ता देते, कारण तेथे पॉइंटर २ बाइटांचाच असतो. टर्बो सी लार्ज मॉडेलमध्ये सेगमेंट, अपूर्णविराम, ऑफसेट असे छापते.

रिकाम्या (नल) पॉइंटरच्या बाबतीत तर आणखी तऱ्हा आहेत. जीलिबसी कंसात ‘निल’ असा शब्दच छापते, मॅकओएसवर ०एक्स० दिसते, आणि विंडोजवर १६ शून्यांची माळ. पत्त्याच्या जागी अंकच येतील असे गृहीत धरणारी स्क्रिप्ट लिनक्सवर पहिल्याच रिकाम्या पॉइंटरला अडखळते.

यापैकी कोणतीही लायब्ररी चुकीची नाही. ‘%पी’ने छापलेला मजकूर माणसाने वाचण्यासाठी आहे. प्रोग्रामने वाचायचाच असेल तर त्याच लायब्ररीच्या स्कॅनएफला ‘%पी’ देऊन, आणि प्रोग्राम एकदा सुरू होऊन संपेपर्यंतच्या त्याच अवधीत, तो परत वाचता येतो. परत मिळालेला पॉइंटर मूळ पॉइंटरशी समान निघेल इतकी हमी मानक देते. कालच्या लॉगमधील पत्ता आज वाचून वापरणे या हमीत बसत नाही.

रकाने सरळ दिसावेत म्हणून रुंदी देता येते. ‘%२०पी’ आणि डावीकडे सरकवण्यासाठी ‘%-२०पी’ हे दोन्ही चालते. पण पुढे शून्ये भरण्यासाठी ‘%०२०पी’, ‘०एक्स’ लावण्यासाठी ‘%#पी’, किंवा अंकांची संख्या बांधण्यासाठी ‘%.८पी’ लिहू नये. ही तिन्ही रूपे ‘%पी’बरोबर मानकाने ठरवलेलीच नाहीत. कोठेतरी ती हवे तसे छापतीलही, आणि म्हणूनच ती अधिक फसवी आहेत.

‘%एक्स’ लिहिले तर नेमके काय बिघडते

‘%पी’ आवडत नाही म्हणून ‘%एक्स’, ‘%एलएक्स’ किंवा ‘%एलएलएक्स’ लिहिणारे पुष्कळ आहेत, आणि हे तिन्ही वेगवेगळ्या ठिकाणी बिघडतात.

६४ बिटांच्या लिनक्सवर पॉइंटर ८ बाइटांचा आणि इंट ४ बाइटांचा असतो. प्रिंटएफला दिलेला पॉइंटर रजिस्टरमधून जातो आणि ‘%एक्स’ त्या रजिस्टरचा खालचा अर्धा भाग तेवढा वाचते. वरच्या उदाहरणातील पत्त्याऐवजी फक्त ३ए१बी२सी४४ उमटते. ते दिसायला पत्त्यासारखेच असते आणि पुढचा मजकूरही बिघडत नाही, म्हणून संशय येत नाही. पण ज्या दोन पत्त्यांचे शेवटचे ८ अंक सारखे आहेत ते या आउटपुटमध्ये एकच दिसतील.

‘%एलएक्स’ ६४ बिटांच्या लिनक्सवर जुळते, कारण तेथे लाँग ८ बाइटांचा आहे. ६४ बिटांच्या विंडोजवर मात्र लाँग ४ बाइटांचाच ठेवला आहे, त्यामुळे तेथे पुन्हा अर्धा पत्ता. मग ‘%एलएलएक्स’ घ्यावे असे वाटते, कारण ते दोन्हीकडे ८ बाइट वाचते. पण हाच कोड ३२ बिटांच्या साध्या इंटेल यंत्रासाठी कंपाइल केला की तेथे सारे आर्ग्युमेंट स्टॅकवर ओळीने मांडलेले असतात. पॉइंटर ४ बाइटांचा, वाचले ८ बाइट, म्हणजे पुढच्या आर्ग्युमेंटचे ४ बाइट आधीच खाल्ले गेले. त्यानंतर ‘%एस’ असेल तर ते भलत्याच ठिकाणी अक्षरमाला शोधायला जाते आणि प्रोग्राम बंद पडतो. पंगतीत एकाने दोन पाने अडवली की पुढची सगळी पंगत सरकते, तसा हा प्रकार आहे.

दुसरी पायरी: सर्वत्र एकसारखे रूप हवे असेल तेव्हा

कधी कधी आउटपुटचे रूप आपल्याच ताब्यात असावे लागते. माझ्या लॉगला तेच हवे होते. त्यासाठी १९९९च्या मानकात आलेला यूइंटपीटीआर_टी हा प्रकार वापरावा. वैध व्हॉइड पॉइंटर या पूर्णांकात बदलून पुन्हा पॉइंटर केला तर तो मूळ पॉइंटरशी समान निघेल, असे वचन या प्रकाराबरोबर मिळते. तो एसटीडीइंट.एच या हेडरमध्ये असतो, आणि तो छापण्यासाठी लागणारे मॅक्रो इंटटाइप्स.एच या हेडरमध्ये असतात. इंटटाइप्स.एच घेतले की एसटीडीइंट.एच आपोआप येते.

प्रिंटएफ("०एक्स%०*" पीआरआयएक्सपीटीआर "\एन",
    (इंट) (साइझऑफ(यूइंटपीटीआर_टी) * २),
    (यूइंटपीटीआर_टी) (व्हॉइड *) प);

ही ओळ प्रथम पाहणाऱ्याला विचित्र वाटते, म्हणून सुटी करून सांगतो. पीआरआयएक्सपीटीआर या मॅक्रोच्या नावात पीआरआय आणि पीटीआर मोठ्या लिपीत आणि मधला एक्स लहान लिपीत लिहायचा. अंक मोठ्या लिपीत हवे असतील तर मधला एक्सही मोठा. दशमान पद्धतीत हवे असेल तर एक्सच्या जागी लहान यू. हा मॅक्रो म्हणजे अवतरणचिन्हांतील एक छोटी अक्षरमाला असते. ६४ बिटांच्या लिनक्सवर ती ‘एलएक्स’ असते, मायक्रोसॉफ्टच्या ६४ बिटांच्या कंपायलरवर ‘एलएलएक्स’, ३२ बिटांच्या लिनक्सवर नुसती ‘एक्स’. सी भाषेत शेजारी ठेवलेल्या अक्षरमाला कंपायलर आपोआप जोडतो, त्यामुळे फॉरमॅट त्या यंत्राला साजेसा तयार होतो. टक्क्याचे चिन्ह मॅक्रोत नसते, ते आपण द्यायचे, आणि ते विसरणे ही येथील सर्वांत सामान्य चूक आहे. मॅक्रोच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागाही सोडावी. सी भाषेला ती नको असली तरी तोच कोड पुढे सी प्लस प्लसमध्ये गेला तर २०११नंतरचे कंपायलर त्याविना अडतात.

‘०*’मधील तारका म्हणजे रुंदी पुढच्या आर्ग्युमेंटमधून घ्या. एका बाइटला दोन षोडशमान अंक लागतात, म्हणून प्रकाराच्या आकाराची दुप्पट. साइझऑफचे उत्तर इंट नसते आणि तारकेला मात्र इंटच लागतो, म्हणून तेथे कास्ट केला आहे. तो वगळला तर आपण नुकतीच पाहिलेली चूकच नव्या जागी केल्यासारखे होते.

यूइंटपीटीआर_टी हा प्रकार मानकाने ऐच्छिक ठेवला आहे. सर्वसामान्य यंत्रांवर तो असतोच, पण काटेकोर कोडमध्ये यूइंटपीटीआर_मॅक्स हा (सगळा मोठ्या लिपीतील) मॅक्रो व्याख्यायित आहे का हे आधी तपासावे, आणि नसेल तर ‘%पी’वर परतावे. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या कंपायलरशी गाठ असेल तर इतके ध्यानात ठेवावे की एसटीडीइंट.एच त्यांच्याकडे व्हिज्युअल स्टुडिओ २०१०मध्ये आले आणि इंटटाइप्स.एच २०१३मध्ये.

दोन पॉइंटरमधील अंतर छापायचे असेल तर हा सारा खटाटोप लागत नाही. त्याच्यासाठी ‘%टीडी’ आहे, आणि साइझऑफच्या उत्तरासाठी ‘%झेडयू’.

तिसरी पायरी: रिकामा पॉइंटर

प्रिंटएफ("%पी", नल) ही ओळ निरुपद्रवी वाटते. पण नल हा (मोठ्या लिपीत लिहायचा) मॅक्रो नुसते ० असू शकतो, आणि तसे असेल तर प्रिंटएफला पॉइंटरऐवजी इंट जातो. उपाय तोच, ‘(व्हॉइड *) नल’ असे लिहावे. नल असलेला चल छापताना हा प्रश्न येत नाही, कारण तो आधीच पॉइंटर असतो.

चौथी पायरी: फंक्शनचा पॉइंटर

येथे ‘%पी’ हात टेकते. फंक्शनचा पॉइंटर व्हॉइड पॉइंटरमध्ये बदलण्याची परवानगी सी मानकात नाही, कारण कोड आणि डेटा वेगवेगळ्या मेमरीत असलेली यंत्रे आहेत. आर्डुइनोचा एव्हीआर त्यांपैकीच एक. पॉसिक्स (युनिक्ससारख्या प्रणालींचे मानक) पाळणाऱ्या प्रणालींवर हा कास्ट चालतो, कारण चालू प्रोग्राममध्ये लायब्ररीतील फंक्शन शोधून आणणाऱ्या डीएलसिमला त्याची गरज पडते. केवळ लिनक्ससाठी लिहीत असाल तर कास्ट करून मोकळे व्हा.

सर्वत्र चालेल असे हवे असेल तर पॉइंटरचे बाइट छापावेत. फंक्शन हा ऑब्जेक्ट नसला तरी त्याचा पत्ता साठवणारा चल हा ऑब्जेक्ट असतो, आणि कोणत्याही ऑब्जेक्टचे बाइट अनसाइन्ड चार म्हणून वाचता येतात.

व्हॉइड बाइट_छापा(कॉन्स्ट व्हॉइड *वस्तू, साइझ_टी लांबी)
{
    कॉन्स्ट अनसाइन्ड चार *ब = वस्तू;
    साइझ_टी क्र;

    फॉर (क्र = ०; क्र < लांबी; क्र++)
        प्रिंटएफ("%०२एक्स", (अनसाइन्ड) ब[क्र]);
    पुटचार('\एन');
}

हे वापरताना फंक्शन पॉइंटरचा नव्हे तर तो साठवणाऱ्या चलाचा पत्ता द्यायचा: बाइट_छापा(&कृती, साइझऑफ कृती). इंटेल आणि बहुतेक एआरएम यंत्रांवर सर्वांत खालचा बाइट आधी असतो, म्हणून पत्ता उलट क्रमाने दिसेल. कोणते फंक्शन नोंदले गेले हे ओळखण्यापुरते ते पुरते. माझ्या मते फंक्शनचा पत्ता छापण्यापेक्षा फंक्शनचे नाव अक्षरमाला म्हणून सोबत ठेवणे शहाणपणाचे आहे. मागाच्या नियंत्रकात मी तेच केले, आणि रात्रपाळीच्या माणसालाही लॉग वाचता येऊ लागला.

पाचवी पायरी: परत केलेल्या मेमरीचा पत्ता

रिअॅलॉक या मेमरीचा आकार बदलणाऱ्या फंक्शनने मेमरी हलवली का हे दाखवण्यासाठी जुना आणि नवा पत्ता शेजारी शेजारी छापण्याचा प्रयोग वर्गात हमखास होतो. त्यात एक बारीक खोच आहे. रिअॅलॉक यशस्वी झाले, किंवा फ्री केले, की जुन्या पॉइंटरची किंमत अनिश्चित होते. त्या जागेतील मजकूर वाचणे चूक आहे हे सर्वांना माहीत असते, पण मानकानुसार तो पॉइंटर नुसता छापणेही हमीबाहेर जाते. मेमरी कायम असतानाच पत्ता पूर्णांकात उतरवून घ्यावा, पूर्णांकाला मेमरी गेल्याचे सोयरसुतक नसते:

यूइंटपीटीआर_टी जुना = (यूइंटपीटीआर_टी) (व्हॉइड *) साठा;
इंट *नवा = रिअॅलॉक(साठा, नवी_लांबी);

इफ (नवा != नल)
    प्रिंटएफ("जुना %" पीआरआयएक्सपीटीआर ", नवा %" पीआरआयएक्सपीटीआर "\एन",
        जुना, (यूइंटपीटीआर_टी) (व्हॉइड *) नवा);

माझ्या गळती शोधणाऱ्या लॉगमध्येही ‘परत केली’ ही ओळ फ्री केल्यानंतर छापली जात होती. ती आधी घेतली. कधीच किंमत न दिलेला पॉइंटर छापणेही याच कारणाने टाळावे.

बफरमध्ये छापताना

पत्ता सरळ पडद्यावर न छापता अक्षरमालेत घ्यायचा असेल तर बफर किती मोठा असावा? ‘%पी’ किती अक्षरे छापेल याची वरची मर्यादा मानकाने दिलेली नाही, त्यामुळे २० पुरतील असे मनाशी धरून एसप्रिंटएफ वापरू नये. एसएनप्रिंटएफला आधी नल बफर आणि ० लांबी द्यावी. ते काहीही न लिहिता किती अक्षरे लागतील ते सांगते. त्यात शेवटच्या शून्य अक्षरासाठी १ मिळवून तेवढी मेमरी घ्यावी आणि मग दुसऱ्यांदा खरे छापावे.

कंपायलरकडून तपासून घेणे

जीसीसी हा कंपायलर वापरत असाल तर ‘-डब्ल्यूऑल’ आणि ‘-डब्ल्यूपेडँटिक’ हे दोन्ही पर्याय द्यावेत, दोन्हींतील डब्ल्यू मोठ्या लिपीत. पहिल्याने ‘%एक्स’ला पॉइंटर दिल्याचा इशारा मिळतो. कास्ट न करता इंट पॉइंटर ‘%पी’ला दिल्याचा इशारा मात्र दुसऱ्याशिवाय मिळत नाही, आणि बहुतेकांच्या कोडमध्ये कास्ट नसण्याचे हेच कारण असावे. क्लँग या कंपायलरवरही दुसऱ्या पर्यायाने हाच इशारा चालू होतो.

त्यानंतर तोच कोड ‘-एम३२’ देऊन ३२ बिटांसाठी कंपाइल करून पाहावा. उबुंटूवर त्यासाठी जीसीसी-मल्टिलिब हे पॅकेज लागते. ६४ बिटांवर लपून राहिलेल्या चुका येथे चटकन वर येतात. हाताशी आर्डुइनो असेल तर त्याच्या कंपायलरमधूनही एकदा काढावा.

दर वेळी पत्ता का बदलतो, आणि तो कोणाला दाखवावा

प्रोग्राम पुन्हा चालवला की पत्ता बदलतो हे पाहून नवशिक्याला वाटते की आपलेच काही चुकले. आजच्या ऑपरेटिंग सिस्टिम स्टॅक, हीप आणि लायब्ररी दर वेळी मुद्दाम वेगळ्या जागी ठेवतात, म्हणजे हल्लेखोराला पत्त्यांचा आधीच अंदाज बांधता येत नाही. दोन वेळच्या लॉगची तुलना करण्यासाठी पत्ते स्थिर हवे असतील तर लिनक्सवर ‘सेटआर्च -आर’ या आज्ञेमागे प्रोग्रामचे नाव देऊन तो चालवावा. येथील आर मोठ्या लिपीतील आहे.

याच कारणाने ग्राहकाकडे जाणाऱ्या प्रोग्रामच्या लॉगमध्ये खरे पत्ते सोडू नयेत, कारण असा एक पत्ता हाती लागला तरी जागा बदलून मिळवलेले संरक्षण बरेचसे वाया जाते. लिनक्स कर्नलने ४.१५ या आवृत्तीपासून आपल्या प्रिंटके या छापणाऱ्या फंक्शनमधील ‘%पी’चा अर्थच बदलला. ते आता खऱ्या पत्त्याऐवजी त्याचा हॅश, म्हणजे त्यावरून काढलेला वेगळाच आकडा, छापते. एकाच पत्त्याचा हॅश, यंत्र पुन्हा सुरू करेपर्यंत, एकच राहतो, म्हणून नोंदी जुळवता येतात, पण पत्ता उघड होत नाही. खराच पत्ता हवा असेल तर कर्नलमध्ये ‘%पीएक्स’ लिहावे लागते.

मागाच्या नियंत्रकाच्या लॉगमधून मी शेवटी पत्ते काढूनच टाकले. मेमरी घेताना प्रत्येक तुकड्याला १, २, ३ असा अनुक्रमांक देतो आणि तोच दोन्ही ओळींत ‘%एलयू’ने छापतो. पत्ता फक्त चाचणीच्या आवृत्तीत, यूइंटपीटीआर_टीच्या मार्गाने, शेजारच्या रकान्यात येतो. नवी स्क्रिप्ट अनुक्रमांक जुळवते, आणि ज्या दिवशी लॉगमध्ये तिला एकही नोंद सापडत नाही त्या दिवशी ‘गळती शून्य’ न म्हणता चूक दाखवून थांबते.